नाकातलं छिद्र: वाळूजच्या एका क्रोम प्लेटिंग कामगाराचं प्रकरण

नाव बदललंय, गाव गाळलंय, कंपनीचं नाव तर घेणारच नाही. बाकी घडलं तसं लिहितोय. आधीच सांगतो, या प्रकरणात मी बाहेरून बघणारा नाही, माझी एक सही यात आहे आणि ती कशी झाली ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

दत्ताभाऊ म्हणू आपण त्यांना. बीड जिल्ह्यातल्या गेवराईकडचे, आईबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे. दहावी नापास झाल्यावर दोन हंगाम स्वतःही ऊस तोडला आणि १९९९ साली, वय २२, कोयता सोडून कंपनी धरली. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एक चुलत मामा होते, त्यांनी रांजणगाव शेणपुंजीत खोली बघून दिली आणि एका छोट्या जॉबवर्क युनिटमधे ठेकेदाराकडून लावून दिलं. काम काय तर गाडीच्या शॉकअपचे रॉड यायचे, त्यांच्यावर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियम धातूचा कडक थर चढवायचा.

पहिली नऊ वर्षं ठेकेदाराकडेच. ना पीएफ ना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. २००८ मधे कंपनीच्या रोलवर आले आणि तेव्हा ईएसआयचं कार्ड मिळालं. शेवटचा पगार साधारण १७,५०० रुपये, म्हणजे ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेत. बायको, दोन पोरं, मोठा मुलगा बारावीनंतर त्याच कंपनीत लागलेला. बिडी प्यायचे, दिवसाला एक बंडल. हे मुद्दाम आत्ताच लिहून ठेवतो कारण पुढे जो तो याच बिडीकडे बोट दाखवणार आहे.

काम कसं चालायचं

क्रोमिक ॲसिड म्हणजे गडद लाल चकत्या, ड्रममधे येतात. पाण्यात विरघळवून बाथ बनवतात, ५०-५५ डिग्रीला गरम ठेवतात, रॉड जिगला अडकवून आत सोडायचे आणि रेक्टिफायर, म्हणजे बाथला डीसी करंट देणारं यंत्र, चालू करायचा. आता गंमत अशी की या बाथमधे जेवढा करंट सोडतो त्यातला जेमतेम १० ते २० टक्केच क्रोम बसवायच्या कामाला येतो, बाकी बहुतेक पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जातो. म्हणजे बाथ अक्षरशः उकळल्यासारखा फसफसतो, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा आपल्याबरोबर ॲसिडचा बारीक तुषार हवेत उडवतो. बाथवर वाकून जिग काढणाऱ्या माणसाचं नाक त्या तुषारापासून दीड-दोन फुटावर असतं.

या तुषारातला क्रोमियम हेक्साव्हॅलंट असतो, म्हणजे त्याचं जास्त घातक रूप, शरीरातल्या सल्फेटसारखा दिसतो म्हणून पेशी त्याला दारातून सरळ आत घेते, आणि आत गेल्यावर त्याचं रूप बदलताना तो डीएनएची नासधूस करतो. फुफ्फुसाचा कॅन्सर करणारा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं त्याला १९९० मधेच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे ज्याच्याबद्दल माणसांमधे पुरेसा पुरावा आहे असा गट. ग्लासगोच्या एका डॉक्टरनं क्रोमचे रंग बनवणाऱ्या कामगाराला नाकात कॅन्सर झाल्याचं १८९० साली लिहिलं होतं. म्हणजे गोष्ट सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माहितीतली.

युनिटमधे एक्झॉस्ट होता. भिंतीवर, वर, छताजवळ. म्हणजे तुषार आधी माणसाच्या तोंडावरून जायचा आणि मग पंख्यात. बाथच्या काठालाच ओढून घेणारा डक्ट लागतो, तो नव्हता. मास्क म्हणजे रुमाल. दत्ताभाऊंच्या शर्टाला कायम पिवळे डाग आणि चाळणीसारखी भोकं, वहिनी म्हणायच्या, "यांचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यात टाकतच नाय मी, पाणी हळदीवानी होतंय."

जी खूण सगळ्यांनी सोडली

क्रोमवाल्यांच्या बोटांच्या सांध्यावर गोल, खोल, कडा उचललेले व्रण पडतात. कामगार त्याला 'क्रोमचं खाणं' म्हणतात. दुखत फार नाही. नाकात पण तसंच होतं, मधला पडदा असतो ना, त्याच्या पुढच्या कुर्च्यावर. आधी नाक वाहतं, खपल्या धरतात, मधून रक्त येतं, मग एक दिवस सगळं थांबतं आणि माणूस म्हणतो बरं झालं. बरं झालेलं नसतं, पडदा आरपार गेलेला असतो. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. काहींचं नाक श्वास घेताना शिट्टी वाजवतं. दत्ताभाऊंचं वाजायचं, २००३ पासून, मित्र चिडवायचे.

आता माझी सही. मी औद्योगिक आरोग्याचा कोर्स केलेला डॉक्टर, छोट्या कंपन्यांची वार्षिक तपासणी करतो. २०१४ मधे या युनिटचा कॅम्प मीच घेतला. सकाळी ९ ते १, ६२ माणसं. बीपी, शुगर, डोळे, कानाची टेस्ट, फुंकायची टेस्ट, छातीला स्टेथो. चार तासात ६२ म्हणजे माणशी चार मिनिटं पण नाही. मी एकाच्याही नाकात टॉर्च मारला नाही. हेल्थ रजिस्टरमधे दत्ताभाऊंच्या नावापुढे 'फिट' आणि खाली माझी सही आहे. त्या कॅम्पचे पैसे मला प्रत्येक माणसामागे मिळाले होते.

नाकातलं छिद्र म्हणजे कॅन्सर नव्हे आणि छिद्र पडलं म्हणून कॅन्सर होईलच असंही नाही, हे नीट समजून घ्या. पण ते छिद्र एक पावती असते, या माणसाच्या श्वासातून किती क्रोम गेला त्याची. नाक काही महिन्यातच सांगतं, फुफ्फुसाला वीस-वीस वर्षं लागतात. मधल्या वर्षांमधे हवा सुधारता आली असती.

अडचण सुरू झाली ती

डिसेंबर २०२१ मधे खोकला. कोविड होऊन गेला असेल म्हणून दोन महिने काढा आणि सिरप. मार्चमधे थुंकीत रक्ताची रेघ. एक्स-रेत उजव्या बाजूला वर डाग. आपल्याकडे वरच्या भागात डाग, वजन कमी, थुंकीत रक्त म्हटलं की डोक्यात एकच, टीबी. आणि बहुतेक वेळा तो टीबीच असतो, म्हणून डॉक्टरला दोष देणं सोपं नाही. पण थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, जीन टेस्टही निगेटिव्ह आली, तरी 'देऊन बघू' म्हणत खाजगीत टीबीच्या गोळ्या चालू झाल्या आणि चार महिने चालल्या. वजन ५८ वरून ४९ वर.

हा पहिला मोठा निर्णयाचा टप्पा. निगेटिव्ह थुंकी, चाळिशी ओलांडलेला माणूस, बिडी, दोन महिने गोळ्यांनी फरक शून्य, इथंच सीटी स्कॅन व्हायला पाहिजे होता. ऑगस्ट २०२२ मधे झाला. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, तिसरी स्टेज, ऑपरेशनच्या पलीकडे.

संभाजीनगरच्या (तेव्हा औरंगाबादच) सरकारी कॅन्सर हॉस्पिटलमधे केमो आणि रेडिएशन सोबत सुरू झालं. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे, रांजणगावहून बसनं आमखास मैदान. मी त्यांना तिथल्या रांगेत भेटलो, दुसऱ्याच एका पेशंटसाठी गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं, मी नाही. "साहेब, तुम्ही आमच्या कंपनीत तपासायला आलते बगा, तवा मी फिट होतो."

फाईल मागितली. व्यवसाय या रकान्यात 'मजुरी'. खाली 'बिडी, २० वर्षं'. क्रोम हा शब्द पूर्ण फाईलमधे नाही. कुणी विचारलंच नव्हतं, आणि दत्ताभाऊंना सांगायचं सुचलं नव्हतं. मी त्यांना तिथंच कॉरिडॉरमधे खिडकीजवळ उभं केलं, मोबाईलचा टॉर्च लावला. एका नाकपुडीत मारलेला उजेड दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आला.

बिडी की क्रोम

घरात, कंपनीत, सगळीकडे हा एकच वाद. मोठा भाऊ म्हणायचा, "बिडी पीत व्हता, आता कुणाला बोल लावायचा." खरं सांगायचं तर एका माणसाच्या गाठीवर लेबल नसतं, ही बिडीची आणि ही क्रोमची असं पॅथॉलॉजिस्टही सांगू शकत नाही. दोन्ही कारणं एकाच फुफ्फुसात काम करतात. पण म्हणून क्रोम सुटत नाही. बाल्टिमोरच्या क्रोमेट कारखान्यातल्या २,३५७ कामगारांचा अभ्यास २००० साली आला, त्यात धूम्रपानाची नोंद धरून हिशोब केला तरी क्रोम जितका जास्त तितका फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असंच निघालं. आणि कायद्यातही बिडी पिणारा बाद असं कुठं लिहिलेलं नाही, क्रोमियमचे आजार व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत आणि त्या कामात सलग सहा महिने असणं एवढी अट आहे. दत्ताभाऊंची तेवीस वर्षं होती.

समोर काय पर्याय होते

ऑक्टोबर २०२२, त्यांच्या खोलीवर बसलो. मी, दत्ताभाऊ, वहिनी, भाऊ, मुलगा.

सगळ्यात सोपा रस्ता ईएसआयची आजारपणाची रजा. पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के, मग कॅन्सर लांबणाऱ्या आजारांच्या यादीत असल्यानं ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. भांडण नाही, बोर्ड नाही, महिन्याभरात पैसे चालू. पण माणूस गेला की हे थांबतं आणि बायकोला पुढे काही नाही.

दुसरा, व्यावसायिक आजार म्हणून दावा. तो मान्य झाला तर कामावरच्या अपघातासारखाच धरला जातो, तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के, आणि मृत्यू झाला तर विधवेला आणि मुलांना दर महिन्याला. पण स्पेशल मेडिकल बोर्ड, कागद, तारखा. एकाच काळासाठी दोन्ही लाभ घेता येत नाहीत हेही सांगावं लागलं. आणि ईएसआय लागू असेल तर कंपनीवर कामगार भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही, वकील काहीही सांगो.

तिसरा कंपनीनं पाठवलेला. दोन लाख रोख, बदल्यात 'माझा आजार कामाशी संबंधित नाही' असा कागद. भावाला हा पटला होता. दोन लाख म्हणजे गावाकडची विहीर. मी त्याला चूक म्हणू शकलो नाही.

चौथा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं. खरं तर हा पर्याय त्यांचा नव्हताच, माझा होता आणि तोही पर्याय नव्हता, कर्तव्य होतं. कारखाना कायद्याच्या ८९ कलमाखाली असा आजार दिसला की डॉक्टरनं कळवायचं असतं, क्रोमचे व्रण आणि व्यावसायिक कॅन्सर दोन्ही त्या यादीत आहेत. (हे जुन्या कायद्याच्या वेळचं. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता आल्यात.)

अडचण मुलाची होती. तो त्याच कंपनीत, गेले आठ महिने बाथवर. तक्रार केली तर त्याची नोकरी जाणार, युनिट बंद पडलं तर अजून साठ जणांची, आणि ते साठ जण याच गल्लीत राहतात. वहिनी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्याच्या नाकात बगा आधी."

बघितलं. पडदा लालभडक, डाव्या बाजूला खपली, छिद्र नव्हतं. अजून नव्हतं.

मुलगा दुसऱ्या दिवसापासून बाथवर गेला नाही. दत्ताभाऊंनी दोन लाखांचा कागद परत पाठवला.

काय केलं

क्रम महत्वाचा म्हणून सांगतो. आधी आजारपणाची रजा लावली, घरात पीठ पाहिजे. मग कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून छिद्राचा लेखी रिपोर्ट, सेंटिमीटरमधे माप टाकून. मग कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विनंती करून केसपेपरवर 'क्रोम प्लेटिंग, २३ वर्षं' असं लिहून घेतलं, त्या बाईंनी एका मिनिटात लिहिलं, आधी कोणी बोललं असतं तर आधीच लिहिलं असतं. ठेकेदाराच्या काळातला पुरावा वहिनींच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, २००१ चा गेटपास आणि कॅन्टीनची कुपनं.

८९ ची नोटीस पाठवण्याआधी मी मालकांना भेटलो. हे बरोबर केलं की चूक यावर माझे दोन मित्र अजून माझ्याशी वाद घालतात, त्यांचं म्हणणं इशारा दिल्यावर लोक साफसफाई करून ठेवतात. मला वाटलं आधी तोंडावर सांगावं. मालक वाईट माणूस नाही, स्वतः प्लेटर होता, ऐंशीच्या दशकात दुसऱ्याच्या शेडमधे बाथवर उभा राहिलेला, पै पै जोडून युनिट टाकलं. मला म्हणाला, "डॉक्टर, मी दहा वर्ष ह्याच्यावर काम केलंय, मला काय झालं?" मी टॉर्च काढला. त्याच्याही नाकातून उजेड आरपार गेला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा मागवला.

त्याच्या पुढच्या रविवारी बाथवरच्या अकराही जणांना तपासलं. चौघांचा पडदा आरपार, तिघांच्या नाकात खपल्या, बहुतेकांच्या बोटांवर जुने वण. सोमवारी नोटीस पाठवली, मालकाला सांगूनच.

हवेचं मोजमाप बाहेरच्या लॅबकडून झालं. आपल्या कायद्यातली तेव्हाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. अमेरिकेनं २००६ मधे तिथली ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपल्या मर्यादेचा दहावा भाग. मालकाला मी दोन्ही आकडे दाखवले आणि म्हटलं कायद्यात बसलो म्हणून नाकात बसत नाही. बाथच्या दोन्ही काठांना खेचणारे डक्ट आणि ओढलेली हवा धुणारा स्क्रबर बसवले. त्याला पाच महिने लागले. तोवर पृष्ठभागावर प्लास्टिकचे पोकळ गोळे सोडले, दिसायला पोरखेळ पण तुषार कमी करतात. फेस धरणारं केमिकलही टाकतात काहीजण, फक्त त्यात पीएफओएस नाही ना ते बघावं लागतं, ते स्वतःच एक न संपणारं प्रदूषण आहे. मास्क सगळ्यात शेवटी दिले, कारण मे महिन्यात वाळूजच्या शेडमधे गरम बाथवर आठ तास मास्क घालून दाखवा म्हणजे कळेल.

निकाल

दत्ताभाऊंना रेडिएशननं वर्षभर बरं गेलं, गावाला जाऊन आले, पोरीचं लग्न ठरवलं. २०२३ च्या दिवाळीत मेंदूत पसरल्याचं निघालं आणि जानेवारी २०२४ मधे गेले.

बोर्डानं नाकाचं छिद्र क्रोममुळे झालं हे मान्य केलं. फुफ्फुसाबद्दल 'धूम्रपानाचा इतिहास' लिहून नाही म्हटलं. मला यातला तर्क अजून कळत नाही, तोच तुषार त्याच नाकातून आत गेला, नाक भोकं पाडून घेतं आणि फुफ्फुस तसंच राहतं असं थोडंच आहे. वहिनी ईएसआय कोर्टात गेल्यात, प्रकरण चालू आहे. मुदत तीन वर्षांची असते, ती धरून अर्ज लावला.

युनिट चालू आहे, कोणाची नोकरी गेली नाही. छिद्र पडलेल्या चौघांतल्या दोघांना बाथवरून काढून बफिंगला, म्हणजे रॉड घासून चमकवायच्या कामाला दिलं, त्यात त्यांचा ओव्हरटाईम गेला आणि ते माझ्यावर नाराज आहेत. त्यांची नाराजी खोटी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

२०१४ ला टॉर्च. एवढंच. छिद्र तेव्हाच दिसलं असतं आणि आठ वर्षं आधी डक्ट लागले असते. त्यांचा कॅन्सर टळला असता असं मी म्हणणार नाही, तोवर पंधरा वर्षं झाली होती. पण नंतर भरती झालेल्यांचं नाक वाचलं असतं.

आता मी क्रोमवाल्या कंपनीत कॅम्पला दिवसाला वीसच्या वर माणसं घेत नाही, तीन कंपन्यांनी त्यामुळे दुसरा डॉक्टर बघितला. दरवर्षीच्या एक्स-रेवरही आम्ही नको तेवढे विसंबून असतो. एक्स-रेनं फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर पकडून जीव वाचतात असं मोठ्या चाचण्यांमधे दिसलेलं नाही, कमी डोसचा सीटी बिडी-सिगारेट भरपूर ओढलेल्यांमधे उपयोगी ठरलाय. क्रोममधे वीस वर्षं काढलेल्या आणि वर बिडी पिणाऱ्या माणसाला तो करून घ्यावा असं मी सांगतो, खर्च कोणी करायचा यावर मात्र दरवेळी गाडी अडते. बिडी सोडवण्यासाठी मी कॅम्पमधे कधी दहा मिनिटं दिली नव्हती, तेही चुकलंच, कारण दोन धोक्यातला एक तर माणसाच्या हातात होता.

कायद्यानं कामगाराला स्वतःची तपासणीची नोंद बघायचा हक्क दिलाय, तरी रजिस्टर कंपनीच्या कपाटात असतं आणि अशी युनिटं दहा-पंधरा वर्षात बंद होतात, नाव बदलतात, शेड विकतात. आजार मात्र त्याच्या नंतर येतो. म्हणून मी त्या अकरा जणांच्या नाकाच्या नोंदी, हवेचा रिपोर्ट आणि कोण किती वर्षं बाथवर होता याचा कागद असे दोन संच काढले. एक ज्याचा त्याला दिला. दुसरा माझ्याकडे घरी आहे. दत्ताभाऊंच्या मुलाचा कागद वहिनींनी गेटपासच्या पेटीत ठेवलाय.